बावीसचा टायर की वीसचा? एका रॅप्टर ७००आरच्या मागच्या चाकांचे प्रकरण

ॲरिझोनातील फिनिक्स शहराच्या उत्तर भागात राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी जुनी यामाहा रॅप्टर ७००आर ही एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायची उघडी चारचाकी, विकत घेतली, तेव्हा इंजिन, क्लच आणि शॉक ॲब्सॉर्बर उत्तम स्थितीत होते. मागच्या टायरांची नक्षी मात्र संपत आली होती. टायर बदलणे हा खरे तर किरकोळ विषय होता. परंतु नवे टायर कोणत्या मापाचे घ्यावेत, याची त्यांना तीन ठिकाणांहून तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली, आणि प्रत्येक उत्तर देणारा माणूस आपापल्या वाहनाच्या बाबतीत बरोबर होता. त्यांनी मला हिशेब करून देण्याची विनंती केली, आणि पुढील टिपण त्या हिशेबातून तयार झाले आहे.

आधी वाहनाविषयी. रॅप्टर ७००आर २००६ सालापासून विकली जाते. ६८६ घनसेंटिमीटरचे एकाच सिलिंडरचे इंजिन, हाताने दाबायचा क्लच, पाच पुढचे गिअर आणि एक रिव्हर्स, साखळीने फिरणारा मागचा ॲक्सल आणि १,२८० मिलिमीटरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधील अंतर, अशी तिची ठेवण आहे. शेतावर किंवा जंगलात ओझे वाहणाऱ्या एटीव्हीशी तिचे साम्य चार जाड टायर आणि दुचाकीसारखे हँडल एवढ्यापुरतेच आहे. इंजिनाची शक्ती फक्त मागच्या दोन चाकांना मिळते. ती दोन्ही चाके एकाच अखंड ॲक्सलला घट्ट बसवलेली असतात आणि मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची रचना, नसतो. या दोन गोष्टी टायर निवडताना पुढे वारंवार आड येणार आहेत.

कारखान्यातून तिला पुढे २१×७-१० आणि मागे २०×१०-९ मापाचे टायर येतात. यातील पहिला आकडा हवा भरलेल्या टायरचा बाहेरचा व्यास, दुसरा रुंदी आणि तिसरा रिमचा व्यास, आणि सर्व मापे इंचांत असतात. मोटारीच्या टायरवर साइडवॉलची, म्हणजे टायरच्या उभ्या बाजूची, उंची रुंदीच्या टक्केवारीत दिलेली असते, तर येथे ती वजाबाकीने काढावी लागते. मागच्या टायरसाठी २० वजा ९ म्हणजे ११, आणि त्याचे निम्मे साडेपाच इंच. रिम आणि दगड यांच्यामध्ये एवढेच रबर असते.

हे गृहस्थ बहुतांश वेळ टाँटो राष्ट्रीय वनक्षेत्रातील कच्च्या वाटांवर गाडी चालवतात. तेथील जमीन म्हणजे झिजलेल्या ग्रॅनाइटची भुसभुशीत खडी, तिच्यातून वर आलेले धारदार दगड, कोरड्या ओढ्यांची गोटे भरलेली पात्रे आणि दोन्ही बाजूंना मेस्किट व चोया निवडुंगाचे काटे. हिवाळ्यात कधीतरी ते कॅलिफोर्नियातील इंपीरियल वाळूच्या टेकड्यांवर जातात; अमेरिकेतील एटीव्हीवाले त्या जागेला ग्लॅमिस म्हणूनच ओळखतात. त्यांची मुख्य तक्रार टाँटोमधली होती. दगडांवरून जाताना ॲक्सलखालची, साखळी आणि स्प्रॉकेट (साखळीची दातेरी चकती) झाकणारी पट्टी सतत घासत होती. त्यामुळे टायर बदलतानाच गाडी थोडी उंच करून घ्यावी, असे त्यांच्या मनात होते.

टायरच्या दुकानातील कारागिराने सांगितले की मागचे माप वाढवायचे तर पुढचेही त्याच प्रमाणात वाढवा, नाहीतर गिअरबॉक्सचे नुकसान होईल. त्यांच्याबरोबर टाँटोत फिरणाऱ्या एकाने मागे सरळ २२×११-९ घालायला सांगितले, कारण ॲक्सल एक इंच उचलला गेला की पट्टी घासण्याचा प्रश्न मिटतो. मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर शर्यती खेळणाऱ्या एका तरुणाचे मत उलट होते. मागे १८×१०-८ आणि पुढे २०×६-१० घातल्याशिवाय ही गाडी वळणावर नीट बसतच नाही, असे तो ठामपणे म्हणाला.

दुकानातील सल्ला सर्वांत आधी बाजूला ठेवता आला. चार चाकांना शक्ती पोहोचवणाऱ्या एटीव्हीत पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या टायरांच्या घेराचे गुणोत्तर बिघडले की दोन ॲक्सलांमध्ये ओढाताण सुरू होते आणि तिचा ताण डिफरन्शियलवर व शाफ्टवर येतो. कारागिराचा बहुतेक धंदा त्याच गाड्यांचा असल्यामुळे त्याला हा नियम सर्वत्र लागू वाटणे स्वाभाविक होते. रॅप्टरची पुढची चाके कोणत्याही शक्तीशी जोडलेली नाहीत. ती मोकळी फिरतात, आणि त्यांचा घेर कितीही असला तरी गिअरबॉक्सला त्याचा पत्ता लागत नाही. पुढच्या-मागच्या मापांचा संबंध येथेही आहे, पण तो स्टिअरिंगच्या भूमितीतून येतो.

त्याच दुकानात आणखी एक गोष्ट सुचवण्यात आली होती. डाव्या मागच्या टायरला चीर पडली होती, म्हणून सध्या तेवढाच बदलावा, असा तो सल्ला होता. खर्चाच्या दृष्टीने तो सोयीचा असला तरी अखंड ॲक्सलच्या गाडीत तो मान्य करणे कठीण आहे. दोन्ही चाकांना एकाच वेगाने फिरावेच लागते. एकाचा घेर मोठा असेल तर प्रत्येक फेऱ्याला ते चाक अधिक अंतर कापू पाहते आणि गाडी सतत दुसऱ्या बाजूला ओढली जाते. या ओढीचा आकडा पुढे दिला आहे, आणि तो मलाही अपेक्षेपेक्षा मोठा वाटला.

आता मोजमाप. टायरवर छापलेला आकडा हे नव्या टायरचे नाममात्र माप असते, आणि दोन कंपन्यांचे एकाच मापाचे टायर प्रत्यक्षात अर्ध्या इंचाने वेगळे निघणे नवलाचे नाही. म्हणून मी त्यांना टायरच्या तळाशी खडूची खूण करायला सांगितली, चालकाला नेहमीच्या कपड्यांनिशी व हेल्मेटसह गाडीवर बसवले आणि गाडी सपाट काँक्रीटवर ढकलत खूण पुन्हा खाली येईपर्यंतचे अंतर मोजले. हवा त्याआधी साडेचार पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचे एकक) करून घेतली होती. मागच्या चाकाची एक फेरी १४७ सेंटिमीटर भरली. वीस इंच व्यासाच्या वर्तुळाचा परीघ जवळजवळ १६० सेंटिमीटर असतो. यातील काही फरक टायर भाराने दबल्यामुळे येतो आणि तो नव्या टायरमध्येही येणारच. उरलेला फरक निव्वळ झिजेचा होता.

नव्या टायरच्या ठोकळ्यांची उंची आणि जुन्यांवर उरलेली उंची यांची तुलना केल्यावर मध्यभागी सुमारे १२ मिलिमीटर रबर गेलेले आढळले. व्यासात ही झीज दुप्पट मोजली जाते, म्हणजे जवळजवळ एक इंच. बाजूला वीस छापलेला तो टायर प्रत्यक्षात एकोणिसाचा झाला होता.

या एका मापामुळे प्रकरणाचे सगळे आकडे बदलले. वीसवरून बावीसवर गेल्यास घेर दहा टक्क्यांनी वाढतो, असे सगळे म्हणत होते आणि कागदावर ते बरोबरही होते. परंतु ही गाडी त्यांच्या हाती आली तेव्हाच ती एकोणीस इंचांवर चालत होती. त्यांच्या मनगटाला, पायाला आणि कानाला सवय झाली होती ती त्याच गाडीची. भाराने दबण्याचे प्रमाण दोन्हींत सारखे धरले तर नव्या बावीसच्या टायरची एक फेरी १७१ सेंटिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे १४७ च्या मानाने सोळा टक्के अधिक. नव्या वीसच्या टायरची फेरी सुमारे १५५ सेंटिमीटर, म्हणजे पाच टक्के अधिक. एकच टायर बदलला असता तर एक चाक १५५ आणि दुसरे १४७ सेंटिमीटरचे झाले असते; शंभर मीटर अंतरात त्यांच्या मागण्यांमध्ये पाच मीटरहून अधिक तफावत पडली असती, आणि ती टायर घासून व हँडल सतत एका बाजूला दाबून भरून काढावी लागली असती.

सोळा टक्क्यांचा अर्थ चालवताना काय होतो, हे थोडे तपशिलाने पाहायला हवे. टायर मोठा झाला की तोच गिअर लांब होतो. इंजिनाच्या त्याच फेऱ्यांना गाडी अधिक वेगाने जाते आणि जमिनीवर मिळणारा जोर तेवढ्याच प्रमाणात घटतो. रॅप्टरच्या इंजिनाला खालच्या फेऱ्यांत भरपूर ओढ आहे, म्हणून अनेक जण हा मुद्दा हसण्यावारी नेतात. मोकळ्या, सरळ वाटेवर त्यांचे म्हणणे खरेही ठरते. अडचण येते ती पहिल्या गिअरमध्ये, गोट्यांनी भरलेल्या चढावर, जेथे चालण्याच्या गतीने गाडी न्यायची असते. तेथे पहिला गिअर सोळा टक्क्यांनी लांब झाला की इंजिन बंद पडू नये म्हणून क्लच अर्धवट दाबून ठेवावा लागतो, आणि ॲरिझोनातील उन्हात तो क्लच लवकर तापतो. उतारावर इंजिनाचा रोध त्याच प्रमाणात कमी मिळतो. ब्रेकचेही तसेच आहे. डिस्क आणि कॅलिपर तेच राहतात, पण त्यांचा जोर जमिनीपर्यंत पोहोचतो तो मोठ्या त्रिज्येच्या टोकाला, म्हणून तेवढ्याच दाबाला मागचे चाक कमी थांबते. टायर वाढवणाऱ्यांच्या चर्चेत ब्रेकचा उल्लेख मी क्वचितच ऐकला आहे.

यावर नेहमी सांगितला जाणारा उपाय म्हणजे स्प्रॉकेट बदलणे. या गाडीला पुढे १४ आणि मागे ३८ दातांचा स्प्रॉकेट येतो. पुढचा १३ दातांचा घातला तर गिअर सुमारे साडेसात टक्क्यांनी आखूड होतात, म्हणजे कारखान्याच्या मूळ मापावरून बावीसवर जाणाऱ्याचे बहुतेक नुकसान भरून निघते. या गृहस्थांच्या सवयीच्या गाडीपासून मात्र अंतर सोळा टक्क्यांचे होते, आणि ते भरायला पुढे १२ दात लागले असते. इतक्या लहान चकतीवर साखळीला फार तीव्र वळावे लागते आणि स्विंगआर्मवरची (मागचा ॲक्सल धरणाऱ्या हलत्या दांड्यावरची) घसरपट्टी लवकर कापली जाते.

मागचा स्प्रॉकेट मोठा करणे हा दुसरा मार्ग, आणि येथे हिशेब मजेदार वळण घेतो. ५२० मापाच्या साखळीचे दोन पिनांमधील अंतर १५.८७५ मिलिमीटर असते. त्यावरून ३८ दातांच्या स्प्रॉकेटची त्रिज्या ९६ मिलिमीटर येते आणि साखळीच्या बाहेरच्या कडेपर्यंत ती सुमारे १०४ होते. नवा वीसचा टायर भाराने दोन-सव्वादोन सेंटिमीटर दबतो असे धरले, तर साखळीची खालची कड जमिनीपासून १२.८ सेंटिमीटरवर राहते. झिजलेल्या टायरवर हेच अंतर साडेअकरा होते. बावीसच्या टायरवर ते सव्वापंधरा होईल. परंतु सोळा टक्के भरून काढण्यासाठी मागे ४४ दात घातले तर स्प्रॉकेटची त्रिज्या १५ मिलिमीटरने वाढते, आणि टायरने मिळवून दिलेल्या २५ मिलिमीटरपैकी तेवढे परत जातात. जी पट्टी घासते म्हणून बावीसचा टायर आणायचा, तीच पट्टी पुन्हा खाली उतरवायची, असा हा प्रकार झाला असता.

उंचीचा आणखी एक हिशेब स्टिअरिंगशी निगडित आहे. फक्त मागची बाजू उचलली की संपूर्ण गाडी पुढे झुकते, आणि पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे त्यांच्या वळण्याच्या अक्षाचा मागे कललेला कोन, तेवढा कमी होतो. झिजलेल्या टायरच्या जागी बावीसचा आला तर ॲक्सल दीड इंच वर जातो. १,२८० मिलिमीटरच्या व्हीलबेसवर हा झुकाव १.७ अंशांचा होतो. एवढ्या बदलाने गाडी लगेच धोकादायक होते असे मी म्हणणार नाही, परंतु वेगात हँडल आपोआप मध्यावर येण्याची ओढ कमी होते आणि खडीच्या सरळ वाटेवर पुढचा भाग अस्थिर वाटू लागतो. त्यातच गुरुत्वमध्य वर गेलेला असतो. गाडीवरच्या सूचनापट्टीत ठरावीक मापाचेच टायर वापरण्याची ताकीद असते, ती केवळ कायदेशीर बचावासाठी दिलेली नाही. आडव्या उतारावर उलटण्याची शक्यता या गाड्यांमध्ये मुळातच दुर्लक्षिण्याजोगी नसते.

मोटोक्रॉसवाल्या तरुणाचा सल्ला थोडक्यात आटोपता येतो. तयार केलेल्या मातीच्या ट्रॅकवर दगड नसतात, उडी मारून उतरताना आणि वळताना गाडी जमिनीलगत असलेली बरी, आणि बुटकी साइडवॉल वळणावर कमी वाकते, म्हणून तेथे अठराचा टायर योग्यच आहे. मागचा ब्रेक चाकात नसून ॲक्सलवर असल्यामुळे मागे आठ इंची रिम बसण्यात अडचणही नसते. टाँटोत मात्र साखळीची कड जमिनीपासून अवघ्या दहा सेंटिमीटरवर आली असती.

या सगळ्या आकड्यांवरून मी मागे २०×११-९ मापाचे, सहा प्लाय ताकदीचे टायर सुचवले. झिजलेल्या टायरच्या तुलनेत ॲक्सल अर्धा इंच वर येणारच होता, तोही स्प्रॉकेटला हात न लावता. गिअरमधला पाच टक्क्यांचा फरक चालकाला एका दुपारीत अंगवळणी पडण्यासारखा होता. पूर्ण एक इंच हवा होता, मिळाला अर्धा, यावर ते प्रथम नाराज होते. पट्टी घासण्याच्या जागा पाहिल्यावर माझे मत असे झाले की त्यातील बरेच घासणे उंचीमुळे नव्हते. मऊ, दोन प्लायचा जुना टायर टोकदार दगडावर पूर्ण दबत होता आणि ॲक्सल त्या क्षणी खाली येत होता. येथे व्यासापेक्षा साइडवॉलची ताकद वाढवणे अधिक उपयोगाचे होते.

प्लायच्या आकड्याविषयी एक खुलासा करतो. ‘सहा प्लाय’ लिहिले म्हणजे आत कापडाचे सहा थर मोजून सापडतीलच असे नाही. आज तो आकडा ताकदीचा दर्जा सांगतो. अशा टायरचे वजन अधिक असते, आणि चाकाच्या बाहेरच्या कडेला वाढलेला एक किलो वेग घेताना जवळजवळ दोन किलोंइतका जाणवतो, कारण त्याला पुढेही न्यायचे असते आणि फिरवायचेही असते. शर्यतीच्या ट्रॅकवर मी हा सौदा केला नसता. चोयाचे काटे आणि फुटका ग्रॅनाइट असलेल्या, मोबाइलला रेंज नसलेल्या वाटेवर मात्र पंक्चर झालेली गाडी ढकलत आणण्यापेक्षा हे ओझे बरे.

दहाऐवजी अकरा इंच रुंदी निवडण्याचे कारण फारसे तात्त्विक नव्हते. दगडाळ वाटांसाठी बनवलेले भक्कम टायर बाजारात बहुतेक २०×११-९ आणि २२×११-९ याच मापांत मिळतात, उदाहरणार्थ मॅक्सिसच्या रेझर मालिकेत दोन्ही आहेत. मुंबईत मुख्यालय असलेल्या बालकृष्ण इंडस्ट्रीजचे, म्हणजे बीकेटीचे, एटीव्ही टायरही अमेरिकेत विकले जातात. या मापात आणि या नक्षीत आम्हाला हवे ते त्या वेळी दुकानात नव्हते, एवढेच. रुंदी एक इंचाने वाढली की टायर आतल्या बाजूलाही अर्धा इंच सरकतो, म्हणून स्विंगआर्म आणि साखळीपासूनचे अंतर आधी तपासावे लागते. त्यासाठी मागचा शॉक ॲब्सॉर्बर सोडवून चाक हाताने अगदी वरपर्यंत उचलले, आणि फेंडर व पाय ठेवण्याच्या जाळीपासून किती जागा उरते ते पाहिले. दुकानात उभ्या गाडीला टायर लावून ‘बसतो’ म्हणण्याला काही अर्थ नसतो, कारण खरी अडचण उडीनंतर गाडी पूर्ण दबते तेव्हा येते.

पुढच्या टायरांवर आमचे काही काळ एकमत होईना. ते फारसे झिजलेले नव्हते आणि २१×७-१० ठेवले असते तरी चालले असते. शेवटी २२×७-१० घेतले, कारण मागची बाजू जेवढी वर गेली तेवढीच पुढची वर येऊन गाडी पुन्हा पूर्वीइतकी सपाट राहते आणि मोठे चाक दगडावर अधिक सहज चढते. पुढचे ब्रेक चाकाच्या आत असल्याने रिम दहाच्या खाली आणता येत नाही. म्हणजे वाढलेला व्यास सगळाच्या सगळा साइडवॉलला मिळाला. हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून टायर ए-आर्मला, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दांड्याला, लागत नाही, हे येथेही पाहिले.

टायर चढवताना एकच गोष्ट जपावी लागते. लहान रिमवर टायरची कड बसवण्यासाठी चालवण्याच्या हवेपेक्षा बरीच अधिक हवा भरावी लागते, आणि त्याची कमाल मर्यादा टायरवर छापलेली असते. साबणाचे पाणी लावूनही त्या मर्यादेत कड बसली नाही, तर हवा सोडून पुन्हा सुरुवात करावी. मर्यादा ओलांडून टायर फुटला तर हात जाऊ शकतो.

नवे टायर लागल्यानंतरच्या पहिल्या फेरीतच तक्रार आली की गाडी दुपारी उड्या मारते आणि सकाळी नीट चालते. याचे कारण मापात नसून हवेत होते. मोटारीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस पीएसआय असते, तेथे एक-दोन पीएसआयचा फरक कळतही नाही. येथे सगळी मिळून साडेचार. सकाळी पाच अंश सेल्सिअस तापमानात साडेचार पीएसआय भरली आणि दुपारी टायर पस्तीस अंशांना पोहोचला, तर वातावरणाच्या १४.७ पीएसआयसह एकूण दाब १९.२ वरून २१.३ होतो, म्हणजे टायरमधील हवा साडेसहाच्या पुढे जाते. टायर थोडा फुगतो हे लक्षात घेतले तरी चाळीस टक्क्यांच्या आसपासची ही वाढ आहे. उंचीचाही असाच परिणाम होतो. फिनिक्स समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरवर आहे आणि फ्लॅगस्टाफ एकवीसशेवर. फिनिक्समध्ये हवा भरून टायर वर नेले तर बाहेरचा दाब कमी झाल्याने गेज अडीच पीएसआयने अधिक दाखवतो. वरची थंडी त्यातील काही परत घेते. भक्कम साइडवॉलचा टायर मुळातच कडक असतो, त्यामुळे ही वाढ त्याच्यात अधिक खुपते. त्यांनी शून्य ते दहा पीएसआयचा स्वतंत्र गेज घेतला, आणि आता हवा वाटेच्या सुरुवातीला, त्या जागेच्या तापमानात व उंचीवर भरली जाते. साडेचारच्या खाली जाऊ नका, असे मी त्यांना सांगितले आहे, कारण साइडवॉल कितीही भक्कम असली तरी दगडावर रिमची कड वाकतेच.

काही काळ वापरल्यानंतर पुन्हा मोजणी केली. मागची एक फेरी १५५ सेंटिमीटरच्या किंचित वर भरली, दोन्ही बाजूंना सारखी. पट्टीवर नव्या खरवडी आहेत, पण त्या तुरळक आणि उथळ आहेत. पहिल्या गिअरविषयी तक्रार नाही. हँडल पूर्वीपेक्षा थोडे जड लागते, हे त्यांचे निरीक्षण बरोबर असावे, कारण पुढचा टायर मोठाही झाला आणि जडही. वळणावर मागची बाजू सरकवून गाडी फिरवण्याची त्यांना हौस होती, ती मात्र अकरा इंच रुंदीच्या टायरांनी कमी केली. याचे त्यांना वाईट वाटते आणि मला फारसे नाही.

ग्लॅमिसच्या वाळूसाठी हे टायर निकामी आहेत. तेथे मागे वल्ह्यांसारख्या आडव्या पट्ट्यांचे पॅडल टायर आणि पुढे मध्यभागी एकच उंच कड असलेले गुळगुळीत टायर लागतात, आणि दर वेळी टायर काढून बसवण्यापेक्षा रिमसकट दुसरा संच ठेवणे सोपे पडते. असा एक वापरलेला संच त्यांना स्वस्तात मिळत होता, मापही २०×११-९ होते. तो एका होंडा गाडीवरून उतरवलेला होता. होंडाच्या मागच्या चाकांच्या चार बोल्टांचे वर्तुळ ११० मिलिमीटरचे असते आणि यामाहाच्या स्पोर्ट एटीव्हींचे ११५ चे, त्यामुळे तो सौदा सोडून दिला, आणि ४/११५ चा, म्हणजे चार बोल्ट व ११५ मिलिमीटर वर्तुळाचा, संच मिळेपर्यंत वाळूची सहल पुढे ढकलली आहे.